वैयक्तिक कारणास्तव: एका रकान्याचा इतिहास



गेल्या काही लेखांत आपण रिसर्च क्वेश्चन कसा शोधायचा, व्हेरिएबल कसं ठरवायचं, सॅम्पल कसं घ्यायचं यावर बोललो. आज थोडी वाट बदलून इतिहासात शिरतोय. विषय आहे कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ आणि त्याची कर्मचाऱ्याला व संस्थेला मोजावी लागणारी किंमत.

माझं काम मटेरियल सायन्समधलं, मग हा विषय कुठून आला? कोर्सवर्कमध्ये एथिक्सच्या पेपरला एक सेमिनार द्यावा लागतो आणि मला हा विषय मिळाला. कायद्याची चार कलमं वाचू, पंधरा स्लाइड करू आणि मोकळे होऊ, असा माझा हिशोब होता. पण वाचताना एका फॉर्मपाशी अडकलो. ५० वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतला, बेरोजगारी भत्त्याचा फॉर्म. त्यात नोकरी सोडण्याचं कारण लिहायचा रकाना होता आणि एका बाईने तिथे लिहिलं होतं, ‘वैयक्तिक कारण’. आपल्याकडच्या राजीनाम्यातही हेच शब्द असतात ना?

त्या बाईंचं नाव कार्मिटा वुड. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथे अणुभौतिकी विभागात त्या आठ वर्षं नोकरीला होत्या. लॅबमधल्या साध्या कामापासून सुरुवात करून ऑफिसातल्या प्रशासकीय कामापर्यंत पोचल्या होत्या. वरिष्ठ शास्त्रज्ञ अंगाला स्पर्श करायचा, टेबलाजवळ उभा राहून अश्लील हावभाव करायचा. ख्रिसमसच्या पार्टीत त्याने त्यांना गाठून जबरदस्ती केली. वुड त्याला टाळायला लागल्या. त्यांची मान आणि पाठ सतत दुखायला लागली, उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. त्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा १९७४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

पुढे बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज करताना अधिकाऱ्याने विचारलं, आठ वर्षांची नोकरी का सोडली? त्यांना नीट सांगता येईना. लाज वाटत होती हे खरंच, पण अडचण तेवढीच नव्हती. जे घडलं त्याला भाषेत नावच नव्हतं. मारहाण म्हणावी तर तशी मारहाण नाही. भांडण म्हणावं तर भांडणही नाही. मग ‘वैयक्तिक कारण’. आणि नियमाप्रमाणे, वैयक्तिक कारणासाठी स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही. अर्ज फेटाळला गेला, अपीलही फेटाळलं गेलं.

इथे जरा थांबा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळायला हवं. कामामुळे झालेला परिणाम (दुखणं, राजीनामा, बुडालेला पगार) समोर आहे, पण नोंद करताना कारणाच्या जागी ‘घरचं काहीतरी’ असं पडलं. म्हणजे डेटा गोळा होतानाच कारण पुसलं गेलं. नंतर कोणी कितीही चांगलं ॲनालिसिस केलं तरी त्या फाईलमधून काही निघणार नाही.

त्याच विद्यापीठात लिन फार्ली नावाच्या बाई ‘स्त्रिया आणि काम’ या विषयावर शिकवत होत्या. वर्गातल्या मुलींशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं होतं की जवळजवळ प्रत्येकीने असल्याच काही कारणाने कधी ना कधी एखादी नोकरी सोडली आहे किंवा गमावली आहे. वुड मदत मागत त्यांच्या गटापर्यंत पोचल्या. जाहीर सभा घ्यायचं ठरलं. पण पत्रकावर लिहायचं काय? धाकदपटशा, जबरदस्ती, शोषण असे बरेच शब्द सुचले आणि मागे पडले. बारीकसारीक त्रासापासून उघड जबरदस्तीपर्यंत सगळं पोटात घेईल असा शब्द हवा होता. शेवटी ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’ यावर एकमत झालं. ४ मे १९७५ ला इथाकात सभा झाली, २७५ बायका आल्या.

आता एक सावधगिरीची सूचना. ‘हा शब्द सर्वप्रथम इथे वापरला गेला’ असं तुम्हाला अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. एमआयटीत काम करणाऱ्या मेरी रो यांच्या १९७३ च्या अहवालातही तो होता असं सांगतात. थिसिसमध्ये ‘सर्वप्रथम’ लिहिण्याआधी दहा वेळा तपासा. इथाकाचं महत्त्व शब्द पहिल्यांदा उच्चारला यात नाही. शब्द लोकांच्या हाती पडला, यात आहे. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या पुस्तकात वुड यांचंच उदाहरण घेतलं आहे. स्वतःवर काय गुदरतंय हे समजून घ्यायला लागणारी संकल्पनाच समाजाकडे नसणं हासुद्धा एक अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या बाजूला कोर्ट होतं. त्याच १९७५ साली ॲरिझोनात दोन कर्मचारी बायकांनी बॉश अँड लॉम्ब कंपनीविरुद्ध दावा केला. वरिष्ठाच्या वागण्यामुळे आम्हाला नोकरी सोडावी लागली, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्टाने दावा फेटाळला. कारण काय दिलं? हे त्या माणसाचं व्यक्तिगत वागणं आहे, कंपनीच्या धोरणाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे बघा, बाईने नोकरी सोडली तेही वैयक्तिक आणि साहेबाने अंगाला हात लावला तेही वैयक्तिक! दोन्हीकडचं वैयक्तिक झालं की मधली संस्था आपोआप सुटते. मला विचाराल तर या इतिहासातली खरी गाठ हीच आहे, आणि पुढची वीस वर्षं ती सोडवण्यात गेली.

ती सोडवायला वकील जेवढे कामी आले, तेवढाच सर्व्हेही कामी आला. आपल्या कामाचा भाग इथून सुरू होतो.

१९७६ मध्ये रेडबुक नावाच्या अमेरिकन मासिकाने वाचक बायकांसाठी प्रश्नावली छापली. सुमारे ९ हजार उत्तरं आली. दहापैकी जवळजवळ नऊ जणींनी असा अनुभव आल्याचं लिहिलं. आकडा भयंकर आहे आणि गाजलाही. पण त्यावरून ‘९० टक्के बायकांचा छळ होतो’ असं म्हणता येईल का? नाही. ज्यांना सांगण्यासारखं काही होतं त्यांनीच मुख्यत्वे पाकीट घेऊन, तिकीट लावून उत्तर पाठवलं असणार. हा सेल्फ-सिलेक्शन बायस, आपण सॅम्पलिंगच्या लेखात पाहिला तोच. म्हणून रेडबुकचा सर्व्हे टाकाऊ ठरत नाही. हजारो बायकांना बोलायचं आहे हे त्यातून कळलं. फक्त त्यातून टक्केवारी काढायची नसते.

मग अमेरिकेच्या संसदेतल्या एका उपसमितीच्या सांगण्यावरून मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड या सरकारी संस्थेने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा सर्व्हे केला. अहवाल १९८१ साली आला. यादीतून स्तर पाडून रँडम सॅम्पल घेतलं, २३ हजारांवर प्रश्नावल्या पाठवल्या, २० हजारांहून अधिक भरून परत आल्या. (आपल्या गूगल फॉर्मला किती जण उत्तर देतात ते आठवा आणि मनातल्या मनात हात जोडा.) ‘तुमचा छळ झाला का’ असा मोघम प्रश्न न विचारता प्रकारांची यादी दिली होती: नकोसे शेरे, नजरा आणि हावभाव, स्पर्श, भेटीगाठींसाठी दबाव, शरीरसुखाची मागणी, पत्रं आणि फोन, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न. मागच्या दोन वर्षांत यातलं काय घडलं ते सांगा. ४२ टक्के बायकांनी आणि १५ टक्के पुरुषांनी किमान एक प्रकार घडल्याचं सांगितलं.

९० नाही, ४२. पण हा ४२ कुठल्याही समितीपुढे टिकणारा होता. छोटा पण भक्कम आकडा मोठ्या पण डळमळीत आकड्यापेक्षा कामाचा असतो.

याच बोर्डाने आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सरकारला म्हणजे मालकाला याचा खर्च किती येतो, याचा हिशोब मांडला. मे १९७८ ते मे १९८० या दोन वर्षांसाठी तो १८ कोटी ९० लाख डॉलर निघाला. १९८५ ते ८७ साठी पुन्हा मांडला, तेव्हा २६ कोटी ७३ लाख. १९९२ ते ९४ साठी ३२ कोटी ७१ लाख. आकडा वाढला म्हणजे छळ वाढला असं लिहून मोकळे होऊ नका. मधल्या काळात पगार वाढले, डॉलरची किंमत बदलली. त्रास झालेल्या बायकांचं प्रमाण तिन्ही वेळा ४२, ४२ आणि ४४ टक्के असं जवळपास तिथेच होतं.

एकूण आकड्यापेक्षा त्याच्या आतल्या फोडी पाहा. १९९२ ते ९४ च्या हिशोबात माणसं सोडून गेल्यामुळे झालेला खर्च २ कोटी ४७ लाख डॉलर. आजारपणाच्या रजा १ कोटी ४९ लाख. ज्याला त्रास झाला त्याचं काम मंदावल्याचं नुकसान ९ कोटी ३७ लाख. आणि आजूबाजूच्या गटाचं काम मंदावल्याचं नुकसान १९ कोटी ३८ लाख. बेरीज करून बघा, बरोबर येते. शेवटच्या रकमेचं प्रमाण काढलं तर ५९ टक्के. आधीच्या, १९८५ ते ८७ च्या हिशोबात हाच वाटा ४८ टक्के होता.

म्हणजे कागदावर ज्याची नोंद होते (राजीनामा, रजेचा अर्ज) तो खर्च सगळा मिळून १२ टक्के. बाकीचं नुकसान कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही आणि त्यातलं मोठं नुकसान त्यांच्याकडून झालं ज्यांना कोणी हातही लावला नव्हता.

हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत बसलो होतो आणि मला आमची जुनी लॅब आठवली. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी एका लॅबमध्ये होतो. तिथे पीएचडी करणारी एक सीनियर होती, आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. ट्यूब फर्नेस तीच चालवायची. थिन फिल्मची अख्खी रेसिपी, कुठल्या तापमानाला किती वेळ, गॅस कधी सोडायचा, सगळं तिच्या हातात बसलेलं होतं. हळूहळू ती संध्याकाळी सहानंतर थांबेना. मग माझ्या वर्गातली एक मुलगी त्या खोलीत एकटी जाईना, कोणीतरी सोबत हवं असायचं. फर्नेसचे स्लॉट एकमेकांत बदलायला लागले, रात्रीचे रन बंद पडले. दीड वर्षात ताईने रजिस्ट्रेशन रद्द केलं. अर्जात कारण काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यानंतर पाच महिने आमच्याकडून ती फिल्म जमली नाही, माझा प्रोजेक्ट बदलावा लागला आणि आम्ही काय केलं? ताईने नीट हँडओव्हर दिला नाही म्हणून तिलाच नावं ठेवली. मीही ठेवली.

खरं कारण लॅबमधलाच एक माणूस होता, हे तिने मला काही वर्षांनी फोनवर सांगितलं. तिला विचारूनच एवढं लिहितोय, याहून जास्त सांगणार नाही. बोर्डाच्या तक्त्यातल्या चौथ्या रकमेत मी स्वतः बसतो, माझे पाच महिने त्यात आहेत, हे मात्र सांगायला हवं.

या हिशोबाच्या मर्यादाही बघायला हव्यात, नाहीतर व्हायव्हाला कोणीतरी विचारेलच. काम किती मंदावलं हे लोकांनी स्वतःच्या अंदाजाने सांगितलेलं आहे, कोणी घड्याळ लावून मोजलेलं नाही. शिवाय चारही रकमा मालकाच्या खिशातल्या आहेत. वुड यांचा बुडालेला पगार, औषधपाण्याचा खर्च, आठ वर्षांत कमावलेली जागा, हे त्यात कुठेच येत नाही. कर्मचाऱ्याच्या बाजूचा हिशोब पुढे दुसऱ्यांनी केला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल शहरातल्या मुलामुलींचा शाळेपासून अनेक वर्षं माग ठेवणारा एक अभ्यास आहे. त्याच्या आधारे मॅकलॉफ्लिन, उगेन आणि ब्लॅकस्टोन यांनी २०१७ मध्ये दाखवलं की गंभीर छळ सोसलेल्या बायकांपैकी सुमारे ८० टक्के जणींनी दोन वर्षांत नोकरी बदलली. इतर बायकांत हे प्रमाण बरंच कमी होतं. बदलून गेल्या त्या बऱ्याचदा कमी पगाराच्या किंवा कमी वाव असलेल्या कामाला. याला लाँगिट्यूडिनल डेटा म्हणतात. एकदाच विचारून हे कळलं नसतं.

प्रश्नाची शब्दरचना किती फरक पाडते याचं माझं आवडतं उदाहरणही याच विषयातलं आहे. २००३ मध्ये आयलीस आणि सहकाऱ्यांनी ८६ हजारांहून अधिक उत्तरांचं मेटा-ॲनालिसिस केलं. जिथे सर्व्हेत वागण्याच्या प्रकारांची यादी दिली होती, तिथे ५८ टक्के बायकांनी ‘हो, घडलं’ म्हटलं. जिथे थेट ‘लैंगिक छळ झाला का’ विचारलं, तिथे २४ टक्के. शब्द सापडून पावशतक उलटलं तरी तो स्वतःला लावायला माणूस कचरतो. तुमच्या विषयात असा कुठला शब्द आहे का, जो विचारला की उत्तर निम्म्यावर येतं?

कोर्टाकडे परत येऊ. १९८६ मध्ये मेरिटर सेव्हिंग्ज बँक विरुद्ध व्हिन्सन या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की पगार कापला नाही, नोकरी गेली नाही, तरी वातावरण विखारी करणं हाच भेदभाव आहे. ‘वैयक्तिक’ची गाठ तिथे बरीचशी सुटली.

आपल्याकडे ती वेगळ्याच वाटेने सुटली, आणि त्या वाटेवर विद्यापीठ किंवा बँक नव्हती, राजस्थानातलं एक गाव होतं. भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करायच्या. १९९२ मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. ते त्यांचं कामच होतं. त्याचा राग धरून २२ सप्टेंबर १९९२ ला शेतात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं. हल्ला शेतात झाला, ऑफिसात नाही. मग त्यांना कामावर ठेवणाऱ्या सरकारची जबाबदारी कुठून सुरू होते? महिला संघटना हा प्रश्न सुप्रीम कोर्टात घेऊन गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ चा ‘विशाखा’ निकाल तो हाच. न्या. वर्मा, न्या. कृपाल आणि न्या. सुजाता मनोहर यांचं पीठ होतं. सुजाता मनोहर म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. कायदा होईपर्यंत प्रतिबंध आणि तक्रार निवारणाची जबाबदारी मालकाची, असं या निकालाने ठरवलं. छळ म्हणजे काय हेही त्यात प्रकारांची यादी देऊन सांगितलं आहे. भंवरीदेवींच्या खटल्यात मात्र त्याने काही बदललं नाही.

कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं लागली. २०१३ च्या कायद्यात दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही ‘कामाचं ठिकाण’ धरली जाते. फील्डवर्कला, सॅम्पल आणायला, कॉन्फरन्सला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत तर आपल्या उपयोगाची खास तरतूद आहे. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं किंवा परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून थांबवता येतं. गाइडच्या सहीवर ज्याचं सगळं अवलंबून आहे त्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

या कायद्याखाली दरवर्षी अहवाल द्यायचा असतो. वर्षात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या. बऱ्याच ठिकाणी त्या जागी ‘निरंक’ लिहिलेलं असतं आणि ते अभिमानाने सांगितलं जातं. वर सांगितलेल्या अमेरिकन बोर्डाच्या १९९४ च्या सर्व्हेत त्रास झालेल्यांपैकी औपचारिक कारवाईचा मार्ग धरणारे सुमारे ६ टक्केच होते. मग निरंक या शब्दाचा अर्थ काय लावायचा? छळ शून्य, की तक्रार शून्य, की विश्वास शून्य? अहवालाच्या नमुन्यातून ते कळायला मार्ग नाही, कारण तक्रार न करता निघून गेलेल्यांसाठी त्यात रकाना नाही.

सेमिनार झाल्यावर मी आमच्या विभागातल्या क्लार्ककाकांकडून रजिस्ट्रेशन रद्द करायचा कोरा फॉर्म मागून घेतला. ‘आता तुम्ही पण चाललात की काय,’ म्हणाले. फॉर्मवर कारणासाठी एकच ओळ आहे. असे भरलेले फॉर्म कुठल्या वर्षापासूनचे ठेवलेत, नावं झाकून ते अभ्यासाला मिळतील का, एथिक्स कमिटीकडे अर्ज कसा करावा लागेल, हे विचारून ठेवलंय. समाजशास्त्र किंवा मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करणारं कोणी या कामात उतरणार असेल तर मला जरूर कळवा. फर्नेस सोडून मला ते जमणार नाही, पण आकडेमोडीला मी बसेन.

पुढच्या लेखात प्रश्नावलीतले शब्द पायलट स्टडीमध्ये कसे तपासायचे ते पाहू.